दुकानात उभं राहून स्वतःचं दुकान शोधू नका

हुरड्याच्या दिवसांत मावसभावाकडे गेलो होतो. सोलापुरात नवी पेठेत त्याचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी करून घेतलेली वेबसाइटही आहे. वेबसाइट कशी चाललीय म्हणून विचारलं, तर त्यानं गल्ल्यावरूनच मोबाइल पुढे केला. गुगलवर ‘सोलापुरी चादर’ असं टाकलं आणि खरंच, नकाशाखाली पहिलं नाव त्याचंच. "बघ बे, नंबर एक," म्हणत तो चहा सांगायला वळला.

"दादा, चहा राहू दे. गाडी काढ," म्हटलं. सात रस्त्याला येऊन कडेला थांबलो आणि त्याच मोबाइलवर तोच शब्द टाकला. नकाशाखालच्या तीन नावांत दादा नाही. पुण्यातल्या भाचीला फोन लावून तिलाही शोधायला सांगितलं. तिनं चार पानं पालथी घातली आणि म्हणाली, "मामा, मोठ्या मामाचं दुकान नाहीच यात." परत येताना दादा गप्प होता. सोलापूरचा माणूस गप्प बसला म्हणजे प्रकरण गंभीर.

झालं होतं असं, की गुगल सगळ्यांना एकच यादी दाखवत नाही. तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला मोबाइलवरून कळतं. नवी पेठेतल्या दुकानातून ‘सोलापुरी चादर’ शोधलं तर सगळ्यात जवळचं दुकान कुठलं? तुमचंच. त्यात दादा रोज सकाळी स्वतःचीच वेबसाइट उघडून बघतो, तेही गुगलच्या लक्षात असतं. इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत शोधलं की जुन्या सवयींचा हिशेब सुटतो, पण जागेचा सुटत नाही. म्हणून आपला नंबर खरा किती हे बघायचं तर होटगी रोडवरच्या मित्राला, विजापूर रोडवरच्या मेव्हण्याला आणि गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला शोधायला लावावं. फुकट आणि बिनचूक.

रिक्षावाल्याचा हिशेब

गुगल दुकानांची यादी कशी लावतं हे समजायला सोलापूर स्टेशनवर जाऊ. गाडीतून उतरलेला पाहुणा रिक्षावाल्याला विचारतो, "चांगली चादर कुठं मिळंल ओ?" रिक्षावाला मनात तीन गोष्टी तोलतो. याला चादर हवीय, म्हणजे साडीच्या दुकानात नेऊन उपयोग नाही. जवळ कुठलं आहे? आणि कुठल्या दुकानाचं नाव आहे, जिथं नेलं तर पाहुणा नंतर शिव्या घालणार नाही?

नकाशावरच्या दुकानांसाठी गुगल नेमक्या याच तीन गोष्टी बघतं आणि तसं स्वतःच सांगतं: मागणीशी मेळ, अंतर आणि नाव. यातलं अंतर तुमच्या हातात नाही. दुकान उचलून स्टेशनसमोर नेता येत नाही. राहिल्या दोन गोष्टी.

आता एक भेद आधीच लक्षात घ्या, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. शोध घेतल्यावर वर जो नकाशा आणि तीन दुकानं दिसतात, ती मुख्यतः तुमच्या गुगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे गुगलकडे केलेल्या दुकानाच्या नोंदीवरून, येतात. त्याखालच्या निळ्या ओळी वेबसाइटच्या पानांवरून येतात. दोन्हींचा एकमेकांना हातभार लागतो, पण रस्ते वेगळे. नकाशा काही किलोमीटरच्या घेरात कामाला येतो. वेबसाइटचं पान चांगलं असेल तर ते नागपूरच्या माणसालाही दिसू शकतं, कारण त्याच्या प्रश्नाला अंतराचं बंधन नसतं. दादाला नकाशावरचं गिऱ्हाईक थोडंफार मिळत होतं. पुण्यातल्या भाचीला तो दिसत नव्हता, याचं कारण वेबसाइट.

बरीच दुकानं तिसऱ्याच घोळात अडकली आहेत. प्रोफाइलसोबत गुगल एकपानी वेबसाइट फुकट देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या साइट गुगलनं बंद केल्या. तोच पत्ता छापलेली व्हिजिटिंग कार्डं आणि कॅरीबॅग आजही वाटल्या जाताहेत. तुमच्या कार्डावर कुठला पत्ता आहे, एकदा उघडून बघा.

गुगलला वाचता येतं का?

गुगलचा एक प्रोग्राम, गुगलबॉट, दिवसरात्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात इंटरनेटवरची पानं वाचत असतो. वाचलेलं एका अवाढव्य सूचीत नोंदवलं जातं, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. तुम्ही काही शोधता तेव्हा गुगल इंटरनेट नव्हे, ही सूची चाळतं. पान सूचीतच नसेल तर पहिला काय आणि शंभरावा काय, नंबरचा प्रश्नच उरत नाही.

सूचीत आहे का हे बघायची सोपी युक्ती: गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहा, लगेच कोलनचं चिन्ह द्या आणि जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. गुगलकडे असलेली पानं समोर येतील. ही यादी ढोबळ असते, पण अंदाज येतो. एकही पान आलं नाही तर बहुतेकदा वेबसाइट बनवताना लावलेली कडी तशीच राहिलेली असते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या साधनात सेटिंगच्या ‘रीडिंग’ भागात ‘शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये’ अशा अर्थाची एक चौकट असते. काम चालू असताना बनवणारा तिथं टिक करतो आणि नंतर काढायला विसरतो. एका टिकमुळे वर्षभर अंधारात बसलेली वेबसाइट मी पाहिली आहे.

दादाची पाच पानं सूचीत होती. मग अडलं कुठं? त्याचं मुख्य पान उघडलं: मोरपंखी रंगाची पार्श्वभूमी, त्यावर सुंदर वळणदार अक्षरांत सगळी माहिती. त्या अक्षरांवर बोट दाबून शब्द निवडायचा प्रयत्न केला, तर निवडलाच जाईना. सगळा मजकूर म्हणजे एक चित्र होतं! डीटीपीवाल्यानं पत्रकासाठी केलेली डिझाइन होती, तीच उचलून वेबसाइटवर चिकटवलेली. माणसाला दिसतं त्यात ‘चादर’, ‘टॉवेल’, ‘घाऊक’. गुगलला दिसते एक जेपीजी फाइल. चित्रातली अक्षरं ओळखायची कला यंत्रांना येते हे खरं, पण तिच्या भरवशावर धंदा ठेवू नये.

मराठी वेबसाइटचा हा खास आजार आहे. छापाईसाठी वापरले जाणारे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेतात, नसतात. पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा असतो. फॉन्ट फक्त त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. तो मजकूर वेबसाइटवर टाकला की कचरा दिसतो, म्हणून मग त्याचं चित्र करून टाकतात. उपाय एकच. मजकूर मोबाइलच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर, म्हणजे युनिकोडमध्ये, नव्यानं टाइप करायचा. बोटानं शब्द निवडता आला आणि कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर मराठीच राहिला, म्हणजे गुगललाही तो वाचता येईल.

वही घेऊन गल्ल्याशेजारी

मजकूर टाइप करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की टाइप करण्यासारखं काही नाहीच. "आमच्याकडे उत्तम दर्जाच्या चादरी वाजवी दरात मिळतील. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय." हे वाक्य सायकलच्या दुकानावर लावलं तरी खपेल.

म्हणून एक अख्खी दुपार दुकानात काढली. शंभर पानी वही घेऊन गल्ल्याशेजारी बसलो आणि गिऱ्हाईक जे विचारेल ते जसंच्या तसं उतरवत गेलो, फोनवरचंही. अक्कलकोटहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, पहिल्या धुण्यात रंग सोडते का ओ? लातूरच्या लॉजवाल्याला पांढरे टॉवेल हवे होते, चारशे जीएसएमच्या वरचे, शंभर नग. लग्नघरातले दोघे आले: आहेराला साठ चादरी पाहिजेत, नाव विणून मिळेल का, किती दिवस आधी सांगावं लागेल? तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करणाऱ्या बसच्या ड्रायव्हरचा फोन होता, गाडी लावायला जवळपास जागा आहे का म्हणून. एका आजोबांना मयूरपंखी चादर हवी होती, "पण पूर्वीसारखी जाड." हुबळीहून कुणीतरी कुरिअरचं विचारलं.

दादा मान वर न करता उत्तरं देत होता. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तेवढा टॉवेल जाड, पाणी जास्त पिणारा आणि वाळायला तेवढाच आळशी. त्यामुळे पावसाळ्यात धुलाईची सोय नसलेल्या लॉजवाल्यानं फार जाड टॉवेल घेऊ नये, असं त्यानं लातूरकराला स्वतःहून सांगितलं. महाग माल विकायची संधी सोडून! ही माहिती मला इंटरनेटवर मराठीत एका जागी सापडली नव्हती. ती गल्ल्यावर रोज सांडत होती.

माझं सगळं म्हणणं या एका वहीत आहे. तुम्ही गल्ल्यावर दिवसभर जे बोलता, ते वेबसाइटवर नसतं. आणि लोक गुगलला विचारतात ते नेमकं तेच. गुगलकडे प्रश्न येतो आणि ते त्या प्रश्नाचं उत्तर असलेलं पान शोधतं. ‘ग्राहकांचे समाधान’ हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही, त्यामुळे ते पान वर आणायला गुगलला निमित्तच मिळत नाही.

वहीतल्या प्रश्नांचे आम्ही गठ्ठे केले. हॉटेल-लॉजच्या टॉवेलचं एक पान झालं. त्यात वजन, मापं, किमान किती नग, भाव कशावर ठरतो, माल पोचायला किती दिवस. आहेर आणि नाव विणण्याचं दुसरं. धुण्या-वाळवण्याचं तिसरं. बाहेरगावच्या गाड्यांसाठी रस्ता, पार्किंग आणि वेळ सांगणारं चौथं. ते जेमतेम दहा ओळींचं आहे आणि तेवढंच पुरे. पान लांब असलं म्हणजे वर येतं, हा गैरसमज आहे.

पाचवं पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं: खरी सोलापुरी चादर ओळखायची कशी? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. तरी बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो. फसायची भीती असलेला नाशिकचा माणूस हा प्रश्न गुगलला विचारतो, आणि त्याचं उत्तर द्यायचा हक्क सोलापूरच्या दुकानदाराइतका कुणाचा? दादानं चादर उलटी करून दोन्ही बाजूंची वीण कशी पाहायची ते दाखवलं, आम्ही तिथंच मोबाइलवर फोटो काढले. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलनं शोधाचे निकाल तपासणाऱ्या आपल्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत ‘अनुभव’ हा निकष मुद्दाम वाढवला. लिहिणाऱ्यानं ती वस्तू स्वतः हाताळली आहे का, हा त्याचा अर्थ. स्टॉक फोटोतली गोरी बाई पांढऱ्या चादरीवर झोपलेली दाखवण्यापेक्षा दादाच्या हाताचा फोटो कधीही बरा.

मग पानांची शीर्षकं. ब्राउझरच्या टॅबवर जे नाव दिसतं, तेच बहुतेकदा शोधाच्या निकालात निळ्या ओळीत येतं. दादाच्या पाचही पानांचं नाव होतं ‘होम’. गुगलनं काय समजावं? टॉवेलच्या पानाला आम्ही नाव दिलं: ‘हॉटेल आणि लॉजसाठी पांढरे टेरी टॉवेल, घाऊक – सोलापूर’. चादर, टॉवेल, नॅपकिन, बेडशीट, स्वस्त, उत्तम असे दहा शब्द कोंबायचा मोह झाला होता. कोंबू नका. एका पानावर एक विषय, आणि शीर्षक असं की ते वाचून माणसाला आत काय आहे ते कळावं.

शब्दांचं स्पेलिंग हा सोलापूरकरांचा जुना वैताग. इंग्रजीत ‘चादर’ला कुणी एक डी लावतं, कुणी दोन. ‘सोलापूर’ला इंग्रजांच्या काळातलं ‘शोलापूर’ अजून चिकटलेलं आहे. प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं पान काढायची गरज नाही. एवढा फरक गुगलला कळतो. पण मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर एकमेकांत कालवू नका. दोन भाषांची दोन पानं, दोन पत्ते. आणि इंग्रजी पानाचं यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता मराठी म्हणून टाकू नका. ‘शीट’चा ‘पत्रा’ झालेला मी पाहिला आहे. चादरीच्या दुकानात पत्रे!

नकाशावरची खूण आणि माझी चूक

बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. २०२१ पर्यंत त्याला गुगल माय बिझनेस म्हणत. दुकान खरंच तुमचं आहे हे सिद्ध करावं लागतं. हल्ली त्यासाठी बऱ्याचदा पाटी, रस्ता आणि आतला माल दाखवणारा व्हिडिओ मागतात.

यात मी स्वतः एक घोटाळा केला. खूण लावताना नकाशा नीट मोठा केला नाही आणि ती दुकानाच्या मागच्या बोळात पडली. पुढच्या रविवारी देवदर्शनाला निघालेल्या मंडळींची टेम्पो ट्रॅव्हलर त्या बोळात शिरली, समोरून भाजीची हातगाडी, मागून रिक्षा. दादाला जाऊन रस्ता मोकळा करावा लागला. चादरी त्यांनी घेतल्या, पण मला महिनाभर ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा खूण थेट शटरवर लावा आणि एकदा स्वतः नकाशा लावून दुकानापर्यंत चालत या.

दुकानाचं नाव पाटीवर आहे तेवढंच टाका. नावापुढे ‘बेस्ट सोलापुरी चादर होलसेल’ जोडलेली दुकानं दिसतात. कधी कधी ती वरही दिसतात, हे खोटं कशाला सांगू? पण ते गुगलच्या नियमाविरुद्ध आहे. कुणी तक्रार केली तर नाव बदललं जातं, कधी प्रोफाइलच स्थगित होतं, आणि ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत असं झालं तर दाद मागण्यात मकर संक्रांत उलटून जाते. मुख्य वर्ग मात्र नीट निवडा. दादाचा वर्ग ‘कपड्यांचं दुकान’ होता, म्हणजे शर्ट शोधणाऱ्यांच्या यादीत तो उगाच गर्दी करत होता.

वेळ हा सगळ्यात दुर्लक्षित रकाना. यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, दुकान उशिरा उघडतं, रात्री उशिरापर्यंत चालतं. अशा दिवसांसाठी विशेष वेळ वेगळी टाकता येते. ‘उघडं आहे’ असं वाचून आलेल्या माणसाला बंद शटर दिसलं की तो पहिला रिव्ह्यू तिथंच उभ्यानं लिहितो.

रिव्ह्यूंवर दादाकडे योजना तयार होती: पाच तारे दिले की रुमाल फुकट. ती मी हाणून पाडली. रिव्ह्यूच्या बदल्यात भेट किंवा सूट देणं गुगलला चालत नाही, आणि पैसे मोजून आणलेले रिव्ह्यू तर नाहीच नाही. ओळखीच्या एकानं आठवड्यात चाळीस आणले होते. सगळ्यांची भाषा एक, निम्म्यांचं इंग्रजी त्याच्या स्वतःपेक्षा चांगलं. काही दिवसांनी ते उडाले. आम्ही गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवला आणि माल बांधताना तोंडी विनंती करायची असं ठरवलं. लोक लिहितात. ‘लग्नासाठी नाव विणून घेतलं, वेळेत मिळालं’ असं एक वाक्य पुढच्या लग्नघराला आणि गुगललाही बरंच काही सांगून जातं.

एक तारेवाला रिव्ह्यूही आला. ‘टॉवेलचा रंग गेला, फसवणूक.’ दादानं लिहायला घेतलेलं उत्तर इथं छापण्यासारखं नाही. शेवटी लिहिलं ते असं: "गडद रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा सुटतो, हे विकताना सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. टॉवेल घेऊन या, बदलून देतो." तो माणूस आलाच नाही. पण पुढच्या आठवड्यात आलेल्या एका बाई म्हणाल्या, तुमचं उत्तर वाचून आले. रिव्ह्यूचं उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा नंतर वाचणाऱ्यासाठी असतं.

नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकच ठेवा. जस्टडायलवर जुना लँडलाइन, इंडियामार्टवर मुलाचा नंबर, फेसबुकवर गोदामाचा पत्ता असं असलं की यातलं खरं कुठलं याचा गुगलला पेच पडतो आणि गिऱ्हाइकाला त्याहून जास्त.

वेगाचं थोडक्यात

दादाच्या पानावर चौदा फोटो होते, प्रत्येक पाच-सहा एमबीचा, कॅमेऱ्यातून काढले तसेच. अक्कलकोट रोडवर चालत्या बसमध्ये ते पान उघडेपर्यंत वळसंग येईल. फोटो आकसून दोनशे केबीच्या आत आणले, दिसायला फरक शून्य. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकट साधन तीन मापं देतं: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे उड्या मारू नये. वेगानं तुम्ही एकदम पहिले येत नाही. दोन पानं तोलामोलाची असली तर तो कामाला येतो. गुगल आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतं, त्यामुळे कॉम्प्युटरवर कितीही झकास दिसत असली तरी पारख मोबाइलवरच करा. पत्त्याआधी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण, हवं. हे काम वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा, त्यात डोकं घालत बसू नका.

नाव कसं होतं

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांना सुचलेली कल्पना अगदी गावातली आहे: ज्याचं नाव चार भले लोक घेतात, तो भला. शास्त्रीय निबंधात ज्याचा संदर्भ इतर निबंध देतात तो निबंध महत्त्वाचा, तसंच ज्या पानाकडे इतर पानं दुव्यानं बोट दाखवतात ते पान वजनदार. बोट दाखवणारा स्वतः जेवढा वजनदार तेवढं बरं. १९९८ मध्ये गुगल कंपनी उभी राहिली ती यावर. आज इतर शेकडो गोष्टी बघितल्या जातात, पण दुव्याचा मान टिकून आहे.

दुवे विकतही मिळतात. हजार दुवे अमुक रुपयांत, अशी जाहिरात दिसली तर समजा ते कुणी न वाचणाऱ्या पानांवरचे आहेत. २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाच्या बदलानंतर अशा हजारो वेबसाइट आपटल्या. तुमच्याकडे खऱ्या ओळखी आहेत, त्या वापरा. दादाचे टॉवेल वापरणाऱ्या दोन हॉटेलांच्या वेबसाइट आहेत. त्यांनी एका ओळीत ‘आमचे टॉवेल सोलापूरच्या अमुक दुकानाचे’ असं लिहून दुवा दिला. व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या सदस्य यादीत दादाचं नाव होतं, वेबसाइट नव्हती, ती जोडली. झाले तीन. कुणीही न ओळखणाऱ्या हजारांपेक्षा हे तीन भारी.

"सर, मी गुगलमधून बोलतोय"

दादा याआधी एकदा फसलेला आहे, हे मला वही भरल्यानंतर कळलं. "पहिल्या नंबरची गॅरंटी, फक्त दरमहा अमुक इतके, तीन महिने आगाऊ." पैसे गेले आणि एक पीडीएफ आली. पीडीएफमध्ये ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या रकान्यात दोनशे शब्द भरल्याचा अभिमानानं उल्लेख होता. हा रकाना आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. पैसे घेऊन नैसर्गिक यादीत ते कुणाला वर आणत नाही. पैसे भरून दिसते ती जाहिरात, आणि तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. जाहिरात करायला हरकत नाही, सणाच्या आधी तिचा उपयोगही होतो. पैसे थांबले की ती दिसायची थांबते, इतकंच. हल्ली काही शोधांत सगळ्यांच्या वर एआयनं जुळवलेलं उत्तर येतं, त्यासाठीही वेगळी फी मागणारे फिरू लागलेत. ते उत्तरही वेबवरच्या पानांवरूनच जुळवलं जातं. तुमच्या पानावर उत्तर असेल तरच त्याला काही घेता येईल.

कामाला माणूस लावायचाच असेल तर त्याला एवढंच विचारा: माझ्या वेबसाइटवर नेमकं काय बदलणार आणि का? उत्तरात दुकानाबद्दल एकही प्रश्न आला नाही तर चहा पाजून निरोप द्या. आणि घाई करू नका. सुधारणा करून फळ दिसायला चार महिने ते एक वर्ष लागतं असं गुगलच्याच लोकांनी सांगितलेलं आहे.

आमचे अजून पाच महिनेच झालेत. दर सोमवारी दुकान उघडल्यावर आम्ही सर्च कन्सोल बघतो. हेही गुगलचं फुकट साधन. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, कितव्या जागी होतं आणि किती जणांनी उघडलं, हे ते सांगतं. ‘सोलापुरी चादर’ या शब्दावर दादा अजून मागेच आहे. तिथं मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांशी गाठ आहे आणि लवकर काही हलेल असं मला वाटत नाही. पण ‘लॉजसाठी टॉवेल किती जीएसएम’ या शोधात त्याचं पान सहाव्या जागी आलंय. भाचीला पुन्हा शोधायला लावलं, तिलाही दिसलं.

यादीत एक ओळ आम्हाला दोघांनाही वाचता येईना. दुकानातल्या पोराला दाखवली, तो कर्नाटकातल्या इंडीकडचा. कन्नड होतं, नाव विणून देता का असं विचारलेलं. दादानं वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "आहेराचं पान कन्नडमध्ये तू लिही." पोरगं म्हणालं, लिहितो, पण टाइप कसं करायचं? आता त्याच्या मोबाइलवर कन्नड कीबोर्ड टाकून देतोय.